शाळेची फी आणि शिकवण्याची किंमत

प्रश्न: आमचा मुलगा नऊ वर्षांचा असून चौथीत आहे. बोलण्यात चुणचुणीत आहे, एकदा ऐकलेली गोष्ट बारीकसारीक तपशिलांसह सांगतो; परंतु वाचताना ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत गोंधळतो, जोडाक्षरे गाळतो आणि फळ्यावरचे निम्मेही उतरवून घेऊ शकत नाही. तपासणीत त्याला वाचनाची आणि लेखनाची अध्ययन अक्षमता असल्याचे निष्पन्न झाले. सध्याच्या शाळेने ‘आमच्याकडे अशा मुलांसाठी सोय नाही’ असे तोंडी सांगितले. खास अशा मुलांसाठी चालवली जाणारी एक खासगी शाळा आम्ही पाहिली व ती आवडली, पण तिची फी आम्हा दोघांच्या हाती येणाऱ्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश इतकी आहे. निवृत्तीसाठी साठवलेली रक्कम काढावी किंवा जमिनीचा छोटा तुकडा विकावा, असे मला वाटते. पतीचे म्हणणे असे, की तेही लहानपणी असेच होते, मुलगा मोठा झाला की सुधारेल; नाहीच सुधारला तर दोन वर्षे पैसे साठवून मग त्या शाळेत घालू. शाळेच्या दिवशी सकाळी मुलाचे पोट दुखते. तेरा वर्षांची मुलगी परवा म्हणाली, ‘माझा पोहण्याचा क्लास बंद करा.’ आम्ही काय करावे? आणि मुलाला यातले काय सांगावे? — एक आई

उत्तर: सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. ही फी आपल्याला परवडेल का, हा एक. आणि आपल्या मुलाला नेमकी कशाची गरज आहे, हा दुसरा. फीचा तक्ता समोर असल्यामुळे पहिला प्रश्न आधी सुचणे स्वाभाविक आहे, परंतु त्याचे उत्तर दुसऱ्यावर अवलंबून आहे. माझे मत आधीच सांगून टाकते. पत्रातील माहितीवरून मी या वर्षी त्या शाळेची फी भरली नसती, निवृत्तीच्या पुंजीला हात लावला नसता, आणि तरीही मुलाचे विशेष अध्यापन सुरू करायला एक महिनाही थांबले नसते. थांबण्याच्या बाबतीत तुमच्या पतींचे चुकते आहे आणि पैशाच्या बाबतीत तुमचे. याला अपवाद ठरू शकेल अशी एकच गोष्ट तुमच्या पत्रात आहे, ती म्हणजे पोटदुखी. तिच्याविषयी पुढे लिहिते.

पतींचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही, कारण वाचनाची अक्षमता बऱ्याचदा घराण्यात उतरते आणि स्वतः त्यातून गेलेल्या वडिलांना ती ‘तशी विशेष नाही’ असे वाटणे साहजिक आहे. मात्र आपण त्यातून पार पडलो एवढेच माणसाच्या लक्षात राहते. त्यासाठी काय सोसले, कोणत्या वाटा सोडून दिल्या, हे मागे पडते. प्रिंगल मॉर्गन नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी १८९६ साली एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. तो मुलगा हुशार होता, आणि शिक्षण सगळे तोंडी असते तर शाळेत हाच सर्वांत पुढे असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. पण साधे शब्द वाचताना आणि लिहिताना तो अडत असे. म्हणजे बुद्धी चांगली आणि वाचन मागे, ही जोडी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ माहीत आहे, आणि नुसते वय वाढल्याने ती अडचण जात नाही हेही तितकेच माहीत आहे. वयाबरोबर मूल अंदाजाने वाचायला, पाठ करून निभावून न्यायला शिकते. त्याला सुधारणा समजण्याची चूक घरोघरी होते. दरम्यान वर्गातील इतर मुले वाचनातून शब्द आणि माहिती मिळवत राहतात व अंतर वाढत जाते. अचूकता उशिरा सुरुवात करूनही बऱ्यापैकी येते, पण वाचनाचा वेग नंतर भरून काढणे फार अवघड जाते. म्हणून दोन वर्षे पैसे साठवून मग शिकवू, हा पर्याय वरवर काटकसरीचा दिसला तरी सगळ्यांत महाग आहे.

आता गरज कशाची, ते पाहू. अशा मुलाला लागते ती विशिष्ट पद्धतीची शिकवणी: ध्वनी आणि चिन्ह यांचा संबंध उघडपणे, ठरलेल्या क्रमाने, एकेक पायरी पक्की करत शिकवणारी, भरपूर सराव देणारी आणि चूक तिथल्या तिथे दुरुस्त करणारी. इंग्रजी वाचनासंबंधीच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या अमेरिकेतील राष्ट्रीय वाचन समितीने २००० साली अशा पद्धतशीर ध्वनी-अक्षर अध्यापनाच्या बाजूने निष्कर्ष काढला होता. देवनागरीत तर मूळ अक्षरे, मात्रा आणि जोडाक्षरे मिळून ओळखायची चिन्हे पुष्कळ असल्यामुळे क्रमाचे महत्त्व आणखी वाढते. पद्धतीला कोणते नाव आहे, प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे आहे, याला मी दुय्यम मानते. प्रत्यक्ष तास कसा चालतो ते पाहावे. समजा, मुलाने ‘पुस्तक’ हा शब्द ‘पुतक’ असा लिहिला. ‘चुकले, दहा वेळा लिही’ असे म्हणणारी व्यक्ती विशेष शिक्षक नव्हे. जाणकार शिक्षिका तो शब्द सावकाश उच्चारते, मुलाला प्रत्येक ध्वनीसाठी टेबलावर एकेक सोंगटी ठेवायला लावते, मग त्याचेच लिहिलेले अक्षर एकेका सोंगटीखाली ठेवायला सांगते. ‘स्’ची सोंगटी रिकामी राहते आणि काय सुटले ते मुलाला स्वतःला दिसते. त्यानंतर अर्धा ‘स’ असलेले चार-पाच शब्द वाचून होतात, दोन लिहून होतात, आणि एका लहानशा उताऱ्यात तेच शब्द पुन्हा भेटतात. पुढच्या तासाची सुरुवात याच शब्दांनी होते. एवढे काम नीट करायला वीस मिनिटे लागतात आणि ते आठवड्यातून निदान तीन-चार वेळा व्हावे लागते. आठवड्यातून एकदाच दोन तास बसवून तोच परिणाम मिळत नाही.

हे लक्षात घेतले की फीकडे पाहण्याची दृष्टी बदलते. त्या खासगी शाळेच्या फीमध्ये इमारत, वाहतूक, छोटे वर्ग, कला, क्रीडा, समुपदेशन असे बरेच काही आहे आणि त्यातले पुष्कळसे चांगलेही असेल. पण तुमच्या मुलाला वर सांगितल्यासारखे अध्यापन आठवड्यातून किती मिनिटे, किती मुलांच्या गटात आणि कोणाकडून मिळणार, हा खरा प्रश्न आहे. तो शाळेला याच शब्दांत विचारा. शिकवणाऱ्या व्यक्तीचे प्रशिक्षण कशातले, तिच्यावर देखरेख कोणाची, गेल्या वर्षभरात किती शिक्षक सोडून गेले, मुलाची प्रगती कशावर आणि किती दिवसांनी मोजता, इथून किती मुले किती वर्षांनी सर्वसाधारण शाळेत परत गेली, हेही विचारा. एक तास मागे बसून पाहण्याची परवानगी मागा. वर्गातील इतर मुलांच्या खासगीपणाचे कारण देऊन काही शाळा नकार देतात, तो समजण्यासारखा आहे. अशा वेळी तुमच्या मुलाला एक-दोन दिवस चाचणी म्हणून बसवून घेण्याची विनंती करता येते. ‘आम्ही मुलाला प्रेमाने समजून घेतो’ हे वाक्य ऐकून बरे वाटते, परंतु प्रेमाने समजून घेणारी आणि तरीही वाचायला न शिकवणारी शाळा असू शकते, व तिची फी तितकीच असते.

पैशाच्या हिशेबात एक मुद्दा तुमच्या पत्रात आलेला नाही, तो वाढीचा. सोयीसाठी पहिल्या वर्षाची फी १०० धरा आणि ती दरवर्षी १० टक्क्यांनी वाढते असे गृहीत धरा. सातव्या वर्षी ती सुमारे १७७ होते आणि चौथी ते दहावी या सात वर्षांची बेरीज ७०० न होता ९४९ च्या आसपास जाते. तुमचे उत्पन्न याच काळात दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढले तर आज उत्पन्नाचा तिसरा हिस्सा खाणारी फी सातव्या वर्षी जवळजवळ ४२ टक्के खाईल. प्रत्यक्षातले दर वेगळे असतील, म्हणून शाळेकडून मागच्या पाच वर्षांची फी मागून घ्या व हाच हिशेब खऱ्या आकड्यांनी करा. शिवाय प्रवेशाची अनामत, वाहतूक, दर दोन-तीन वर्षांनी करावी लागणारी पुनर्तपासणी, वेगळ्या वह्या-साधने आणि बऱ्याच शाळांत स्वतंत्र आकारली जाणारी भाषा-उपचाराची किंवा व्यवसायोपचाराची (लेखनासारख्या रोजच्या कामांसाठी हातांच्या हालचालींचा सराव देणाऱ्या उपचाराची) फी, हे सगळे त्याच कागदावर लिहा. पालक पहिल्या वर्षाची तजवीज करतात आणि चौथ्या वर्षी मुलाला मध्येच काढावे लागते, हे माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत वारंवार दिसते. आणि मोठ्या कष्टाने रुळलेल्या मुलाला असे उचलावे लागणे हे त्याला तिथे न घालण्यापेक्षाही वाईट.

यावरून निवृत्तीच्या पुंजीचे उत्तर निघते. ती रक्कम मोडली तर तुमच्या म्हातारपणाचा खर्च उद्या कोणावर येणार? याच मुलावर आणि त्याच्या बहिणीवर. ज्याला स्वतःच्या पायांवर उभे करण्यासाठी ही धडपड आहे, त्याच्याच खांद्यावर ते ओझे जाईल. जमिनीचा तुकडा विकण्याला माझा तत्त्वतः विरोध नाही, कारण मालमत्ता अडीनडीसाठीच असते. अट एकच: विक्रीतून येणारे पैसे, कर व इतर खर्च वजा जाता, ठरवलेल्या संपूर्ण काळाच्या वाढत्या फीला पुरले पाहिजेत. दीड वर्षाला पुरणारे पैसे उभे करून पुढचे पुढे पाहू, असे करू नका. कर्जाच्या बाबतीत मी अधिक कडक आहे. एकदाच होणाऱ्या खर्चासाठी, म्हणजे तपासणी किंवा एखादे उपकरण यांसाठी, छोटे कर्ज समजू शकते. दरवर्षी परत येणाऱ्या फीसाठी कर्ज घेतले की दुसऱ्या वर्षापासून फी आणि हप्ता दोन्ही एकाच पगारातून जातात.

मग या वर्षी काय करायचे? सुरुवात सध्याच्या शाळेपासून करा. ‘सोय नाही’ हे तोंडी उत्तर आहे आणि तोंडी उत्तराला तुम्ही अजून लेखी प्रश्न विचारलेला नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ साली स्वीकारला गेला. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षणात विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सवलती देण्याचे तत्त्व आहे, आणि जगातील बहुसंख्य देशांनी हा करार मान्य केला आहे. तुमच्या शाळेला लागू होणारा कायदा आणि परीक्षा मंडळाचे नियम काय म्हणतात ते मिळवा, तपासणी अहवालाची प्रत जोडा आणि मुख्याध्यापकांना पत्र देऊन पोच घ्या. पत्राचा सूर तक्रारीचा नको, विनंतीचा असावा. मात्र मागण्या नेमक्या असाव्यात. तुमच्या मुलाला फळ्यावरचे उतरवून घेण्याऐवजी छापील टिपण मिळावे. भाषा सोडून इतर विषयांत शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. परीक्षेत जास्तीचा वेळ, प्रश्न वाचून दाखवण्याची आणि काही उत्तरे तोंडी देण्याची मुभा असावी. पूर्वतयारीशिवाय वर्गासमोर मोठ्याने वाचायला उभे करू नये. या यादीत शाळेला नवा शिक्षक नेमावा लागेल असे काहीही नाही, आणि तुमचा खर्च छपाईपुरता आहे. पुष्कळ शाळा ‘सोय नाही’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर वेगळी खोली आणि वेगळा कर्मचारी असतो. इतकेच मागितले आहे हे कळल्यावर त्यांचा विरोध मावळतो. वर्गशिक्षिका अनुकूल असेल तर मुख्याध्यापकांच्या आधी तिच्याशी बोला, कारण रोजची अंमलबजावणी तिच्याच हातात असते.

सवलती मिळाल्या म्हणजे वाचायला आले असे होत नाही, म्हणून अध्यापनाची व्यवस्था स्वतंत्रपणे करावी लागेल. शाळेच्या फीपैकी जी रक्कम ओढाताण न करता दरमहा काढता येईल, तेवढ्यात प्रशिक्षित विशेष शिक्षकाचे किती तास मिळतात ते पाहा. एका वेळी एका मुलाचा तास परवडत नसेल, तर सारख्याच पातळीवरच्या दोन किंवा तीन मुलांचा गट करून खर्च वाटून घेता येतो; पातळी मात्र खरोखर सारखी हवी, केवळ वय सारखे असून उपयोग नाही. विशेष शिक्षणाचे प्रशिक्षण देणाऱ्या विद्यापीठांत व संस्थांत विद्यार्थी-शिक्षक अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली कमी दरात शिकवतात, तिथेही चौकशी करा. हे काम तुम्ही स्वतः करावे का, असे तुम्ही विचारलेले नाही, पण पुढे मनात येईल, म्हणून लिहिते: शिक्षिकेने दिलेला दहा मिनिटांचा सराव घरी करून घ्यायला हरकत नाही, पण मुख्य शिकवणे स्वतःकडे घेऊ नका. दिवसभर वर्गात हरलेल्या मुलाला संध्याकाळी आई हवी असते.

वाचनामुळे त्याचे ज्ञान अडू नये, याची काळजी याच काळात घ्यायला हवी. फोन किंवा संगणकावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय आता बहुतेक उपकरणांत मोफत असते. पुस्तकांच्या प्रती करण्याबाबतच्या स्वामित्व-हक्काच्या नियमांना अपवाद करणाऱ्या, २०१३ साली झालेल्या माराकेश या आंतरराष्ट्रीय करारात अंध व्यक्तींबरोबरच छापील मजकूर वाचण्यात अडथळा असलेल्या इतर व्यक्तींचाही समावेश आहे, आणि त्यामुळे करार लागू असलेल्या देशांत अधिकृत संस्था पुस्तकांच्या ऐकता येण्याजोग्या आवृत्त्या अशा वाचकांना देऊ शकतात. तुमच्या मुलाला ऐकलेली गोष्ट तपशिलांसह आठवते, हे त्याचे मोठे भांडवल आहे. इतिहास-विज्ञानाचे धडे त्याला ऐकू द्या. ऐकल्याने वाचनाची सवय मोडेल ही भीती अनाठायी आहे, कारण वाचनाचा सराव ठरलेल्या वेळी होतोच आहे.

कशावर खर्च करू नये तेही सांगते. तपासणीचा निष्कर्ष हाती आला की तुमच्या कानांवर रंगीत भिंगांचे चष्मे, डोळ्यांचे व्यायाम, मेंदूला चालना देणारे खेळ अशा अनेक गोष्टी येतील. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ यांच्या संघटनांनी २००९ मध्ये संयुक्त निवेदन काढून स्पष्ट केले, की डोळ्यांचे व्यायाम आणि रंगीत भिंगे यांचा अध्ययन अक्षमतेवरील उपचार म्हणून उपयोग होतो असे शास्त्रीय पुराव्यांवरून दिसत नाही. दृष्टी एकदा तपासून घ्यावी, चष्मा लागला तर लावावा, तिथेच तो विषय थांबवावा.

तुम्ही खर्च करत असलेल्या पैशातून काही साधते आहे की नाही, हे कळायला वर्षाच्या निकालपत्राची वाट पाहू नका. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, त्याच्या सध्याच्या पातळीचा पण आधी न वाचलेला उतारा त्याच्यापुढे ठेवा, एक मिनिट वाचू द्या आणि बरोबर वाचलेले शब्द मोजा. तो आकडा तारखेसह आलेख-कागदावर मांडा. आजच्या आकड्यापासून शिक्षिकेने ठरवलेल्या सहा महिन्यांनंतरच्या अपेक्षित आकड्यापर्यंत एक तिरकी रेघ ओढा. एखाद्या आठवड्यात आकडा घसरला तर घाबरू नका, मुलाला त्या दिवशी सर्दी असेल किंवा उतारा अवघड असेल. परंतु सलग चार नोंदी त्या रेघेच्या खाली आल्या तर शिक्षिकेबरोबर बसून पद्धतीत बदल करायचा, असा या क्षेत्रातला रूढ नियम आहे. पत्नीला वाटते सुधारणा आहे आणि पतीला वाटते नाही, यावरून होणारे वादही या कागदामुळे पुष्कळ कमी होतील. उद्या कोणत्याही शाळेशी बोलायची वेळ आली, तर तुमच्याजवळ मुलाविषयीची ही सर्वांत उपयोगी नोंद असेल.

आता पोटदुखी. ती प्रथम डॉक्टरांना दाखवा. शारीरिक कारण नसेल तर पंधरा दिवस कॅलेंडरवर खूण करा: कोणत्या वारी दुखते, त्या दिवशी पहिला तास कोणाचा होता, श्रुतलेखन होते का, मोठ्याने वाचन होते का. दुखणे ठरावीक वारीच येत असेल तर प्रश्न एका तासाचा किंवा एका शिक्षकाचा आहे, आणि वर सांगितलेल्या सवलतींनी तो सुटण्याची बरीच शक्यता आहे. दुखणे रोजचे असेल, सुट्टी संपत आली की झोप उडत असेल, मुले त्याला चिडवत असतील, तो स्वतःला ‘ढ’ म्हणू लागला असेल, आणि शाळा लेखी विनंतीनंतरही ढिम्म असेल, तर मात्र माझा सल्ला बदलतो. तेव्हा शाळा बदलायलाच हवी, आणि योग्य अध्यापन देणारी दुसरी स्वस्त शाळा उपलब्ध नसेल तर ती खासगी शाळा हाच पर्याय असू शकतो. वाचनातील एखाद्या वर्षाचे नुकसान भरून काढता येते. शाळा म्हणजे अपमान ही समजूत मुलाच्या मनात एकदा पक्की झाली की पुढे कितीही चांगला शिक्षक मिळाला तरी मूल त्याच्यासमोर हात आखडते.

तशी वेळ आली तरी सात वर्षांचा विचार करू नका. दोन ते तीन वर्षे, वाचन अमुक पातळीला आले की सर्वसाधारण शाळेत परत, असे उद्दिष्ट प्रवेशाच्या वेळीच शाळेशी बोलून लिहून घ्या. चांगल्या विशेष शाळा हे उद्दिष्ट स्वतःच मांडतात. मग जमिनीच्या तुकड्याचा हिशेब तीन वर्षांच्या फीशी करा, तो कदाचित जुळेल. फीसवलतीविषयी प्रवेश निश्चित करण्याआधी, लेखी आणि उत्पन्नाच्या कागदपत्रांसह विचारा. अनेक शाळांचा सवलतीचा निधी वर्षातून एकदाच वाटला जातो आणि तो संपल्यावर आलेल्या अर्जाला इच्छा असूनही काही देता येत नाही, म्हणून अर्जाची मुदत आजच विचारून ठेवा. हप्त्यांची सोय, मध्येच मूल काढावे लागल्यास किती रक्कम परत मिळते, आणि पूर्ण प्रवेश न घेता फक्त दुपारच्या विशेष तासांना येता येते का, हेही विचारायला संकोच करू नका. शेवटचा पर्याय फीच्या तक्त्यात बहुधा छापलेला नसतो.

मुलीच्या पोहण्याच्या क्लासविषयी माझे उत्तर ठाम ‘नाही’ आहे. त्या बचतीने फीचा डोंगर हलणार नाही, आणि तेरा वर्षांच्या मुलीला तो त्याग दिसला नाही तरी आयुष्यभर पुरेल. तिने असे म्हटले याचा अर्थ घरातील पैशाच्या चर्चा तिच्या कानांवर पडत आहेत, म्हणजे धाकट्याच्याही पडत असणार. त्या चर्चा मुले झोपल्यावर किंवा घराबाहेर करा. तिला जवळ बसवून सांगा, की तिने देऊ केले याचे तुम्हाला मोल आहे, पण पैशाचा विचार आईवडील करतील. आणि आठवड्यातला थोडा वेळ फक्त तिच्यासाठी ठेवा, कारण अशा घरांत दुसरे मूल शहाणे असल्याची किंमत मोजत राहते.

मुलाला फी, जमीन, कर्ज यांतले काहीही सांगू नका. आपण घराला महाग पडतो ही कल्पना त्याच्या डोक्यात शिरली तर प्रत्येक चुकलेला शब्द त्याला पैशाचे नुकसान वाटू लागेल. त्याला त्याच्या अडचणीचे नाव मात्र सांगा. नाव कळले की मूल खचेल अशी पालकांना धास्ती असते. माझे निरीक्षण उलट आहे, नाव नसते तेव्हा मुले स्वतःच ‘ढ’ हे नाव घेऊन मोकळी होतात. अक्षरे आणि आवाज यांची सांगड त्याच्या मेंदूत इतरांपेक्षा कष्टाने बसते, यात आळस किंवा बुद्धीचा दोष नाही, त्यासाठी शिकवण्याची वेगळी रीत आहे आणि ती शिकवणाऱ्या बाई येणार आहेत, इतके पुरे. हे वडिलांनी सांगितले तर अधिक चांगले. त्यांना शाळेत काय जड गेले, कोणत्या तासाला भीती वाटे, हे त्यांनी सुधारून न घेता सांगावे. ‘मी पण यातून गेलो, तूही जाशील’ एवढ्यावर त्यांनी थांबू नये, कारण त्यांना जी मदत मिळाली नाही ती या मुलाला मिळणार आहे. किती दिवस लागतील असे त्याने विचारले तर खरे सांगा, की महिने लागतील, कदाचित दोन-तीन वर्षेही. नऊ वर्षांच्या मुलाला इतक्या लांबचे आश्वासन फारसे कळत नाही. पण सोमवारपासून वर्गात अचानक उभे करून वाचायला लावणार नाहीत, हे त्याला लगेच कळते. म्हणून शाळेकडून तेवढी एक गोष्ट लेखी मिळवा आणि मगच हे बोलणे करा.